सेवेतले ज्ञान, नागरी मान्यता : माजी सैनिकांच्या संगणक-प्रशिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

सैन्यात शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा पेन्शन घेऊन घरी येतो तेव्हा बहुधा ३५ ते ४० वर्षांचा असतो. त्याच्याच वर्गातला जो मित्र शिक्षक झाला, त्याची निम्मी नोकरी तेव्हा शिल्लक असते. फौजीच्या घरी मात्र सत्कार होतो, हार-तुरे होतात आणि पाहुणे पांगले की प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. पेन्शनीत घर चालते, पण मुलांचे उच्च शिक्षण ओढाताणीचे होते. देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक निवृत्त होतात आणि त्यांतले बहुसंख्य याच वयाचे असतात. प्रत्येकाच्या पुढे कष्टाची वीस-पंचवीस वर्षे असतात. त्या वर्षांसाठी शासनाने शिक्षणाची जी सोय करून ठेवली आहे, ती संगणक आणि माहिती-तंत्रज्ञानाची प्रमाणपत्रे मिळवण्यासाठी कशी वापरावी, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय.

हे पान दुसरबीडहून लिहिले जात आहे, त्याला कारण आहे. सिंदखेड राजा तालुक्यातले हे रस्त्यावरचे गाव. जिजाऊंचे जन्मस्थान याच तालुक्यात, खडकपूर्णा नदी याच परिसरातून वाहते आणि अलीकडे समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. शेती सोयाबीन-कापसाची, तीही पावसाच्या भरवशावरची. अशा भागात फौजेची भरती हा घर सावरण्याचा एक खात्रीचा मार्ग मानला जातो आणि पहाटे रस्त्यावर धावणारी मुले इथे कोणालाही नवीन नाहीत. भरतीच्या तयारीवर गावात भरपूर बोलले जाते. परत आल्यावर काय करायचे, यावर मात्र फार थोडे. बोलले तर तीन पर्याय ऐकू येतात : बँकेत गार्ड, एखाद्या कंपनीत सिक्युरिटी, नाहीतर माजी सैनिकांच्या कोट्यातून सरकारी जागा. तिन्ही मानाची कामे आहेत. पण ज्या माणसाने सीमेवर रेडिओ संच, एक्स्चेंज आणि डेटा-लाइन चालू ठेवल्या, त्याच्या ज्ञानाला या तीनच दारांपुढे उभे करणे हे त्या माणसाचे आणि समाजाचेही नुकसान आहे.

या प्रस्तावनेला एकच गोष्ट सांगायची आहे आणि पुढचा सगळा विचार तिच्याभोवती आहे. सैनिकाची शिक्षणसवलत ही निवृत्तीनंतर मिळणारी मदत समजली जाते. खरे पाहता तो सेवेतच कमावलेला हक्क आहे आणि त्याचा मोठा भाग सेवा संपण्याआधीच वापरायचा असतो. शिवाय त्याचा सर्वांत चांगला उपयोग कोरी पाटी घेऊन नवे शिकण्यात होत नाही. सैनिकाला जे आधीच येते त्याला नागरी जगाची मान्यता मिळवून देण्यात होतो. वेळ आणि मान्यता ही या विषयाची दोन सूत्रे आहेत.

मागचा वारसा

फौज आणि शिक्षण यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात लष्करी छावण्यांत सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. ज्या समाजांना गावच्या शाळेचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांतल्या अनेकांना अक्षरओळख झाली ती या छावण्यांत. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म त्याच महूच्या छावणीत झाला. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत, १८८८ मध्ये, त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पेन्शनीत आलेला शिकलेला सैनिक समाजाला काय देऊ शकतो, याची ही आपल्याच मातीतली उदाहरणे. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा पगाराबरोबर शाळाही गेली. भरती पुन्हा सुरू करावी म्हणून निवृत्त सैनिकांनी सरकारकडे अर्ज केले.

दुसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा. लाखो सैनिक घरी परतणार होते आणि त्यांना नागरी जीवनात बसवायचे होते. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये केंद्राच्या श्रम विभागात पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होते. सैनिकांसाठी निघालेल्या या व्यवस्थेतून देशभरची रोजगार विनिमय केंद्रे उभी राहिली. याच महासंचालनालयाच्या प्रशिक्षण-कार्यातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आज तालुक्या-तालुक्यात दिसणारे आयटीआय तिच्यातूनच वाढले. आज एखादा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होतो तेव्हा परतलेल्या सैनिकांसाठी केलेल्या विचाराचेच फळ तो घेत असतो. सैनिकासाठी नीट आखलेली शिक्षणव्यवस्था पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडते. म्हणून हा विषय फक्त माजी सैनिकांच्या घरापुरता ठेवता येत नाही.

त्याच काळात अमेरिकेत याहून मोठा प्रयोग झाला. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिथल्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. तो ‘जी. आय. बिल’ म्हणून ओळखला जातो. १९५६ पर्यंत दुसऱ्या महायुद्धातल्या १ कोटी ६० लाख सैनिकांपैकी सुमारे ७८ लाखांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण घेतले. लोकांच्या आठवणीत राहिली ती महाविद्यालये भरून गेल्याची गोष्ट. पण महाविद्यालयात गेले २२ लाख. उरलेल्या ५६ लाखांनी व्यवसायशिक्षण, कारखान्यातले प्रशिक्षण आणि शेतीशिक्षण घेतले. पदवीपेक्षा कौशल्याकडे जाणाऱ्यांची संख्या तेव्हाही दुपटीहून जास्त होती. या आकड्याकडे अभ्यासकाने आवर्जून लक्ष द्यावे.

आपली व्यवस्था

भारतातली व्यवस्था तीन पायऱ्यांवर उभी आहे आणि नवख्या वाचकाने त्या वेगवेगळ्या ओळखणे गरजेचे आहे.

पहिली पायरी पुनर्वसन महासंचालनालयाची. गावाकडचे फौजी त्याला ‘डी. जी. आर.’ म्हणतात. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. हे महासंचालनालय त्याच्या अखत्यारीत येते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सैनिकांना ते सरकारी आणि खासगी संस्थांतून कोर्स देते. जवान आणि जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) यांचे कोर्सचे शुल्क पूर्णपणे महासंचालनालय भरते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत ६० टक्के शुल्क महासंचालनालय भरते आणि ४० टक्के अधिकारी स्वतः. आयआयएमसारख्या संस्थांतले अधिकाऱ्यांसाठीचे सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे कोर्स प्रसिद्ध आहेत. जवानांसाठीच्या यादीत सुरक्षा, वाहन, आदरातिथ्य, शेती यांच्या जोडीला संगणक आणि माहिती-तंत्रज्ञानाचेही कोर्स असतात. जवानाचे नाव युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसमार्फत पुढे जाते. दक्षिण विभागाचे पुनर्वसन संचालनालय पुण्यात आहे.

इथेच वेळेचे सूत्र लागू होते. हे कोर्स मुख्यतः सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या सैनिकांसाठी असतात आणि साधारणपणे एकदाच मिळतात. त्या दोन वर्षांत सैनिक कुठे असतो? कदाचित लेहला, कदाचित तेजपूरला, कदाचित जहाजावर. घरची माणसे इकडे लग्नकार्य, घरबांधणी, बोअरवेल अशा विचारांत असतात. डोक्यात घरी परतण्याची ओढ असते आणि कोर्सच्या यादीकडे लक्ष जात नाही, किंवा जे समोर येईल ते घेतले जाते. डिस्चार्ज बुक हातात पडते तेव्हा हक्काचा मोठा भाग मागे पडलेला असतो. ज्यांना सेवेत असताना कोर्स मिळाला नाही अशा माजी सैनिकांसाठी वेगळी तरतूद आहे आणि तिचा लाभ विधवेला किंवा एका अवलंबितालाही घेता येतो. पण युनिटमधून निघालेला माणूस गावात एकदा स्थिरावला की पुन्हा वर्गात जाऊन बसणे किती कठीण होते, हे अशा प्रत्येक घराला ठाऊक आहे.

दुसरी पायरी केंद्रीय सैनिक मंडळाची. इथली मदत बहुतांशी कुटुंबासाठी आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या मिळतात : मुलांना महिना २,५०० रुपये, मुलींना ३,००० रुपये. अट अशी की पहिली व्यावसायिक पदवी हवी. अभियांत्रिकी, बीसीए, एमसीए यांना ती चालते. सुट्या प्रमाणपत्र-कोर्सला चालत नाही. हा फरक न कळल्याने अर्ज फुकट जातात. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदारपर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत शिक्षण-अनुदान मिळते. ते महिना १,००० रुपये होते, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी २,००० रुपये झाले. विधवांना व्यवसायशिक्षणासाठी वेगळे एकरकमी अनुदान आहे आणि संगणक शिकू पाहणाऱ्या वीरपत्नीने ते जरूर पाहावे.

तिसरी पायरी राज्याची. पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्याखाली बुलढाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दुसरबीडच्या माणसासाठी सगळ्या कागदांचा रस्ता या कार्यालयातून जातो. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. शिवाय दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला केंद्राच्या गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे धरले जाते. ‘मी तर फक्त दहावी’ असे म्हणत मागे राहणाऱ्या हवालदाराला ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी.

एक मर्यादा इथेच स्पष्ट करतो. गावात आपण सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानालाही ‘फौजी’च म्हणतो आणि मानाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ही दले गृहमंत्रालयाखाली येतात. त्यांची कल्याणव्यवस्था आणि शिष्यवृत्त्याही वेगळ्या आहेत. वर सांगितलेल्या तरतुदी भूदल, नौदल आणि वायुदलाच्या आहेत. दोन्ही व्यवस्थांची तुलना हा या क्षेत्रातला अजून नीट न झालेला अभ्यास आहे.

परीक्षेचे शुल्क कोण भरतो?

माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या अमेरिकेतल्या २००८ च्या नव्या कायद्यात आपल्यासाठी विचार करण्याजोगा एक बारकावा आहे. तिथे कोर्सबरोबर परीक्षेचेही शुल्क सवलतीत धरले आहे. परवान्याच्या किंवा प्रमाणपत्राच्या प्रत्येक परीक्षेसाठी २,००० डॉलरपर्यंतची भरपाई मिळते आणि परीक्षेत नापास झाले तरी ती मिळते. स्वतः अभ्यास करून थेट परीक्षेला बसणाऱ्या माणसाला याने मोठा आधार होतो. ज्याला काम येते त्याला वर्गात सहा महिने बसवण्याची गरज नसते. त्याला फक्त परीक्षा हवी असते.

२०१९ मध्ये तिथे ‘व्हेट टेक’ नावाचा पथदर्शी कार्यक्रम सुरू झाला. माजी सैनिकांना थोड्या काळात संगणकक्षेत्राचे प्रशिक्षण देण्याचा तो प्रयत्न होता. त्यात प्रशिक्षणसंस्थेला पैसे देण्याची रीत वेगळी होती : प्रवेश झाल्यावर २५ टक्के, कोर्स पूर्ण झाल्यावर २५ टक्के आणि उरलेले ५० टक्के त्या सैनिकाला १८० दिवसांत त्या क्षेत्रात काम मिळाले तरच. म्हणजे संस्थेची निम्मी कमाई विद्यार्थ्याच्या नोकरीवर अवलंबून. तो कार्यक्रम एप्रिल २०२४ मध्ये थांबला आणि जानेवारी २०२५ च्या कायद्याने पुन्हा मंजूर झाला. आपल्याकडे शुल्क संस्थेला मिळते, हजेरी पूर्ण होते, प्रमाणपत्र हातात येते. पण त्यानंतर त्या जवानाचे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी पैशाशी बांधलेली नसते. पैसे नोकरीशी जोडण्याचा हा बदल आपल्या परिस्थितीत कसा करता येईल, याचा विचार अभ्यासकांनी आणि धोरणकर्त्यांनी करावा अशी कळकळीची विनंती आहे.

जवानाने तोवर एवढे तरी करावे : प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारावे की शुल्कात प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या परीक्षेचे शुल्क धरले आहे की नाही. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्कच्या परीक्षेचेच शुल्क ३०० डॉलर आहे, कर वेगळा. कोर्स फुकट झाला पण परीक्षा राहिली, तर हातात संस्थेचा कागद उरतो आणि नागरी बाजारात त्याला फारसे कोणी ओळखत नाही.

कोणते प्रमाणपत्र, कोणासाठी

माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्रांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला सरकारी आणि निमसरकारी : नायलिटचे ‘ओ लेव्हल’ आणि पुढचे स्तर, एमकेसीएलचे एमएस-सीआयटी, पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकचे पदव्युत्तर डिप्लोमा. दुसरा एखाद्या कंपनीच्या उपकरणांशी किंवा सेवेशी जोडलेला : सिस्कोचे सीसीएनए, रेड हॅटचे आरएचसीएसए, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांची क्लाउडची प्रमाणपत्रे. तिसरा कोणत्याही एका कंपनीशी न बांधलेला : कॉम्पटियाचे ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस किंवा सुरक्षाक्षेत्रातले सीआयएसएसपी.

ज्याला सरकारी जागेसाठी अर्ज करायचा आहे त्याला पहिला गट उपयोगी. खासगी कंपनीत जायचे असेल तर दुसरा आणि तिसरा. ही साधी निवड आधी केली नाही, तर माणूस सीसीएनए करून लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करतो आणि एमएस-सीआयटी नाही म्हणून बाद होतो.

त्यानंतर येतो ट्रेड, म्हणजे सैन्यात शिकलेले ठरावीक काम. सैन्याच्या सिग्नल कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची. जबलपूर आणि गोव्यात त्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत आणि महूला दूरसंचार अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. ज्या महूत सुभेदार रामजी सैनिकांच्या मुलांना शिकवत होते, तिथेच आज सैन्याचे नेटवर्क-शिक्षण होते. सिग्नलच्या ऑपरेटरने किंवा तंत्रज्ञाने नेटवर्कच्या प्रमाणपत्राकडे जावे. राउटर, स्विच, केबल, लाइनमधला बिघाड शोधणे त्याच्या हाताला माहीत असते. नव्याने शिकायचे ते नागरी उपकरणांच्या आज्ञा आणि आयपी पत्त्यांचे गणित. ईएमईच्या, म्हणजे सैन्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेच्या, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाला, वायुदलाच्या रडारवाल्याला, जामनगरच्या आयएनएस वलसुरावर शिकलेल्या नौदलाच्या विद्युत-तंत्रज्ञाला हार्डवेअर, सर्व्हर आणि डेटा सेंटरची कामे जवळची. क्लार्कला डेटा, हिशेबप्रणाली आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर जवळचे. त्याला नेटवर्ककडे ढकलू नये. पायदळातल्या हवालदाराकडे तांत्रिक ट्रेड नसला तरी पहारा, नोंदवही आणि पाळ्यांची सवय असते. संगणक-सुरक्षेच्या देखरेख केंद्रात चोवीस तास पाळीपाळीने पडद्यावर लक्ष ठेवावे लागते, संशयास्पद हालचाल दिसली की नोंद करून वर कळवावे लागते. हे काम त्याच्या स्वभावाला मानवते, मात्र त्याआधी नेटवर्कचा पाया पक्का करावा लागतो.

अशा कामाची गरज वाढते आहे. देशाच्या संगणक-आपत्ती प्रतिसाद संस्थेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. त्यानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. बँका आणि कंपन्या यांना त्यासाठी जबाबदार माणसे लागतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तर २००५ पासून आपल्या माहिती-सुरक्षेच्या कर्मचाऱ्यांना अशी प्रमाणपत्रे सक्तीची केली. तिथला सैनिक सेवेत असतानाच नागरी प्रमाणपत्र मिळवतो. मान्यता सेवेतच मिळवावी, या सूत्राचा यापेक्षा स्पष्ट दाखला नाही.

मुदतीचेही भान ठेवावे. सीसीएनए, कॉम्पटियाची नेटवर्क आणि सुरक्षेची प्रमाणपत्रे, आरएचसीएसए, ॲमेझॉनचे क्लाउडचे प्रमाणपत्र ही सगळी तीन वर्षे चालतात. मग नूतनीकरण करावे लागते. सेवेच्या शेवटी मिळवलेले प्रमाणपत्र घरी येऊन दोन वर्षे पेटीत ठेवले तर त्याचा उपयोग संपत येतो. कोर्स, परीक्षा आणि नोकरीचा शोध हे एकाच ओघात झाले पाहिजेत. उलट सीआयएसएसपीसारख्या प्रमाणपत्राला पाच वर्षांच्या अनुभवाची अट आहे, म्हणून ते पहिली पायरी होऊ शकत नाही. जाहिरात पाहून थेट त्याच्याकडे धावू नये.

भाषा आणि गाव

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या परीक्षा मराठीत होत नाहीत. हा अडसर खरा आहे, पण वाटतो तेवढा उंच नाही. सैनिकाने सतरा वर्षे हिंदीत आज्ञा ऐकल्या आणि इंग्रजी संज्ञांत उपकरणे चालवली. त्याला इंग्रजीतला निबंध लिहायचा नसतो, प्रश्न समजून उत्तर निवडायचे असते. आरएचसीएसएमध्ये तर प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवायचे असते. कमतरता आहे ती मराठीत समजावून सांगणाऱ्या साहित्याची. सबनेट म्हणजे काय, फायरवॉल कुठे बसते, परवानग्या कशा वाचायच्या, हे मायबोलीत एकदा नीट कळले की इंग्रजीतला प्रश्न घाबरवत नाही. या क्षेत्रात लिहू शकणाऱ्या प्रत्येक मराठी तंत्रज्ञाने हे काम आपले मानावे.

ठिकाणाचा प्रश्नही बदलला आहे. बऱ्याच परीक्षा आता घरून, कॅमेऱ्यासमोर देता येतात. त्याला स्थिर इंटरनेट, अखंड वीज, बंद खोली आणि ओळखपत्र लागते. गावात वीज जाण्याची शक्यता असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यासारख्या शहरातले परीक्षाकेंद्र गाठणे शहाणपणाचे. कामाचेही तसेच. पहिली दोन-तीन वर्षे शहरात काढावी लागतील, हे घरच्यांनी आधीच मान्य करावे. त्यानंतर गावाकडेही काम आहे. भारतनेट योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरवले. ‘आपले सरकार’ केंद्रे, पतसंस्था, बाजार समित्या, शाळा, दवाखाने सगळे संगणकावर आले. यंत्रे आली, पण ती चालू आणि सुरक्षित ठेवणारा जाणकार माणूस गावोगाव नाही. ती जागा परतलेला सैनिक भरू शकतो.

पुढची पिढी आणि उघडे प्रश्न

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि या विषयाची निकड कैक पटींनी वाढली. चार वर्षांच्या सेवेनंतर तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर, म्हणजे या योजनेतून भरती झालेले सैनिक, कायम होणार, उरलेले सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परतणार. त्यांना पेन्शन नाही. इग्नूने त्यांच्यासाठी पदवीचा अभ्यासक्रम आखला असून निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणालाच दिले आहेत. सेवेतल्या ज्ञानाला मान्यता देण्याचा हा आपल्याकडचा चांगला नमुना आहे. तेविशी-चोविशीतला मुलगा पैसे घेऊन दुसरबीडसारख्या गावात उतरेल तेव्हा त्याच्यापुढे ट्रॅक्टर, प्लॉट, गाडी असे पर्याय असतील. त्यातला छोटा भाग त्याने शिक्षणावर लावावा यासाठी त्याला माहिती आधी मिळायला हवी, म्हणजे सेवेच्या तिसऱ्या वर्षीच.

अभ्यासकांपुढे पुष्कळ काम आहे. कोर्स केलेल्यांपैकी किती जण त्या क्षेत्रात टिकतात? सैन्यातल्या कोणत्या ट्रेडला कोणते नागरी प्रमाणपत्र खरोखर जुळते? वीरपत्नींना या सवलतींचा उपयोग किती होतो, अडते कुठे? परीक्षेचे शुल्क सवलतीत आणले तर खर्च किती वाढेल आणि फायदा किती? या प्रश्नांसाठी समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, लोकप्रशासन आणि संगणकशास्त्र या चारही विषयांच्या विद्यार्थ्यांची गरज आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास आपल्याच गावात करता येईल, कारण माहिती देणारी माणसे ओट्यावर भेटतात.

सेवेत असलेल्या वाचकाला शेवटी एवढेच सांगणे आहे. निवृत्तीला तीन वर्षे उरली की आपला ट्रेड आणि आपल्याला हवे असलेले काम कागदावर लिहा. त्यांना जोडणारे एक प्रमाणपत्र निवडा. दोन वर्षे उरली की युनिटच्या क्लार्ककडून डी. जी. आर.च्या कोर्सची यादी मागून घ्या आणि सुट्टीवर याल तेव्हा बुलढाण्याच्या कार्यालयात एक फेरी मारा. घरच्यांनी त्या सुट्टीतले दोन दिवस या कामासाठी मोकळे ठेवावेत. हा हक्क सियाचीनच्या थंडीत आणि जैसलमेरच्या उन्हात कमावलेला आहे. तो मागताना संकोच नको आणि उशीर तर नकोच.

दुसरबीड, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा